मध्यम वर्ज्य

आमच्या घरातली पेटी विकली गेली ती 1981 साली. ताईचं लग्न तोंडावर आलं होतं आणि बाबांनी कागदावर मांडलेला हिशेब काही केल्या जुळत नव्हता. पेटी घ्यायला सांगलीजवळच्या एका खेड्यातल्या भजनी मंडळाचे दोघे जण आले. टोप्या काढून मांडीवर ठेवून, चहा बशीत ओतून, पेटीकडे देवाकडे पाहावं तसे पाहत बसले.

पेटी चांगली होती, पण मधल्या सप्तकातली काळी तीन वर्षभर रुसलेली होती. दाबली की कधी सूर यायचा, कधी नुसतीच हवा. आता, काळी एकचा षड्ज धरला की काळी तीन हा शुद्ध मध्यम. बाबांनी भाता मोकळा केला, काळी एकवर षड्ज धरला आणि भूप वाजवला. भूपात मध्यम नसतो, निषादही नसतो. दहा मिनिटं सुंदर भूप झाला, पाहुण्यांनी माना डोलावल्या, साडेचारशे रुपये मोजून दिले आणि पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून नेली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि दोरी बांधायला मीच मदत केली. आई त्या दिवशी बाबांशी बोलली नाही. लग्नाची गडबड असल्यामुळे ते फार कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते गेल्या मार्चमध्ये, रेडिंगमध्ये, माझ्याच दिवाणखान्यात, माझी बेस गिटार विकताना.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात भावगीतांच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत, तबलजीच्या डाव्या हाताला, टक्कल पडलेला एक माणूस बेस घेऊन उभा असायचा, तो मी. ‘तुमच्या गिटारला दोन तारा कमी का?’ हा प्रश्न मला वीस वर्षांत किमान शंभर वेळा विचारला गेला आहे. तर त्या कमी नसतात. बेसला चारच तारा असतात, जाड आणि लांब, आणि गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लागतात. बेस कोणी मुद्दाम ऐकत नाही. तो थांबला की मात्र गाण्याच्या पायाखालची फरशी निघाल्यासारखं वाटतं. आमच्या पिढीने आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस नाव माहीत नसताना ऐकलेला आहे. मला त्या वाद्याचं वेड लागलं ते तिथूनच.

कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस, त्याला पडदे नाहीत, सूर अंदाजाने शोधायचा. फेंडरनी सतारीला असतात तसे पडदे, म्हणजे फ्रेट, मानेवर बसवले. बोट ठेवलं की सूर नेमका, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. गंमत म्हणजे हे साहेब स्वतः गिटार वाजवत नसत, रेडिओ दुरुस्त करायचे.

साठच्या दशकातले अस्सल फेंडर आता हजारो पौंडांना जातात. माझा तसला नव्हता. तो 1962 च्या नमुन्याबरहुकूम पुढे जपानमध्ये बनलेला. 1982 पासून फेंडरने जपानमध्ये अशी जुन्या वळणाची वाद्यं करून घ्यायला सुरुवात केली आणि ती इतकी सरस निघाली की लोक आजही शोधून घेतात. या देशात येऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा 1999 मध्ये लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवरच्या एका दुकानात तो मला सेकंडहँड मिळाला. किंमत बायकोला खरी सांगितली नव्हती. आता छापून येतेय तर येऊ दे : तीनशे ऐंशी पौंड. तेव्हा आमचं महिन्याचं घरभाडं त्याहून थोडंसंच जास्त होतं.

मग मी तो ‘सुधारला’. प्रिसिजनला एकच पिकअप असतो, मधोमध, दोन तुकड्यांत. तारेची थरथर टिपून तिची वीज करणारं ते चुंबक. मला ब्रिजजवळ दुसरा हवा होता, जरा करकरीत आवाजासाठी. त्यासाठी लाकूड कोरावं लागतं. 2011 च्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात, भाड्याने आणलेल्या राउटरने, बारा वर्षांच्या लेकाला बेस धरायला लावून मी ते कोरलं. हात निसटला. खाचेच्या एका कडेला करंगळीच्या नखाएवढा टवका उडाला आणि आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं. मी लेकावर ओरडलो, ‘नीट धरता येत नाही का?’ त्याने नीटच धरला होता. संध्याकाळी त्याने आपल्या रंगपेटीतून तपकिरी रंग आणून त्या टवक्यावर लावला, न सांगता. तो रंग अजून आहे. पुढे ब्रिज बदलला, जड पितळेचा बसवला. पांढरी पट्टी काढून कासवपाठी रंगाची लावली. काढलेले सगळे मूळ भाग, स्क्रूसकट, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवले.

दर खंडेनवमीला लॅपटॉप, बायकोचं शिलाई मशीन आणि हा बेस यांची एकत्र पूजा व्हायची. झेंडूच्या पाकळ्या पिकअपच्या फटीत अडकायच्या.

विकायचं कारण अगदी साधं. डाव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात शिरला. बेसची मान मागून अंगठ्याने पेलायची असते, दहा मिनिटांत कळ यायला लागायची. त्यात आम्ही लहान घरात जायचं ठरवलं. माळ्यावर टाकून ठेवता आला असता. पॉल मॅकार्टनीचा पहिला होफनर बेस, 1961 मध्ये हॅम्बुर्गला सुमारे तीस पौंडांना घेतलेला, 1972 मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी ससेक्समधल्या एका माळ्यावर सापडला, ही बातमी 2024 मध्ये आपण सगळ्यांनीच वाचली. पण तो मॅकार्टनीचा. माझा माळ्यावरचा बेस शोधायला कोण येणार?

आधी एका दुकानात घेऊन गेलो. तिथल्या पोराने दुसऱ्या पिकअपकडे पाहिलं, टवक्याकडे पाहिलं आणि तीनशे म्हणाला. ‘मूळ रूपात असता तर गोष्ट वेगळी होती.’ या बाजाराचा न्याय असा आहे की तुम्ही वाद्यावर खर्च केलेला प्रत्येक पौंड त्याची किंमत कमी करतो. आपण घरात हौसेने बसवलेल्या निळ्या टाइल्स दलालाला दाखवाव्यात, तसं ते.

म्हणून मी ऑनलाइन जाहिरात दिली. मोठ्या प्रामाणिकपणे लिहिली. दुसरा पिकअप, टवका, रंग, ब्रिज, पट्टी, सगळं फोटोंसह. मूळ भाग सोबत मिळतील. किंमत साडेसहाशे. जर्मनीतून एकाने विचारलं, पण ते कस्टमचं प्रकरण कोण अंगावर घेणार? शिवाय बेसची पट्टी शिसवाची आहे, बहुधा आपल्याकडच्याच शिसवाची. 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तेव्हा अशी वाद्यं परदेशी विकताना परवाने लागायला लागले होते. 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरी ते वाचतानाच डोकं दुखलं. नमस्कार करून टाकला.

रात्री लीड्सहून लेकाचा फोन. त्याने जाहिरात वाचली होती.

‘बाबा, ट्रस रॉडचं नाही लिहिलंत.’

‘विचारलं तर सांगेन.’

‘कोण विचारणार?’

मी म्हटलं, जेवलास का.

हे ट्रस रॉडचं सांगायला हवं. बेसच्या चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या ताणाने मानेला पुढे ओढत असतात. लाकूड वाकू नये म्हणून मानेच्या आत पोलादी सळई असते. तिचं बोल्ट आवळलं की मान मागे येते. माझ्या बेसचं बोल्ट दोन वर्षांपूर्वीच शेवटाला पोचलं होतं. आता पुढे आवळायला जागा नाही. मान हळूहळू धनुष्यासारखी होत होती. मग मी काय केलं, तर तारा हलक्या लावल्या. ताण कमी, मान सरळ दिसते. नेहमीच्या जाडीच्या तारा कोणी लावल्या की महिन्याभरात पाचव्या पडद्याच्या पुढे तारा वर उचलल्या जाणार, दाबायला जड होणार, आणि जोराने दाबल्या की सूर चढणार. जुन्या वळणाच्या बेसमध्ये हे बोल्ट मानेच्या खालच्या टोकाला, धडाच्या आत लपलेलं असतं. मान उतरवल्याशिवाय ते दिसतही नाही. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते सगळं मी जाहिरातीत लिहिलं होतं आणि जे दिसत नव्हतं तेवढं गाळलं होतं.

रविवारी दुपारी घ्यायला आला तो सतरा वर्षांचा मुलगा, आणि त्याची आई. मूळचे नायजेरियाचे, स्लाउला राहणारे. मुलगा चर्चमध्ये वाजवतो, तिथल्या उसन्या बेसवर. शनिवारी सुपरमार्केटमध्ये काम करून पैसे साठवलेले. लिफाफा आईच्या पर्समध्ये होता. बायकोने चहा आणि चकल्या ठेवल्या. बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडेही असंच काहीसं करतात,’ आणि दोन घेतल्या.

मी ॲम्प्लिफायर लावला आणि मुलाला आवाज ऐकवावा म्हणून आधी स्वतः वाजवायला बसलो. अंगठा दुखत होता, पण हात बरा चालला. खालच्या सुरांवर एक संथ, गोल चाल. मुलगा पुढे सरकून ऐकत होता. आणि वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की मी पाचव्या पडद्याच्या पुढे एकदाही गेलेलो नाही.

हे मी ठरवून केलं नव्हतं. पण बाबांनी तरी भूप ठरवून लावला होता का, कोण जाणे.

मग मुलाने घेतला. छान वाजवतो. घाई नाही, सूर सोडताना बोट हलकं उचलतो. तोही खालीच वाजवत राहिला, चर्चच्या गाण्यांना वर जावं लागत नाही. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात बाईंनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘मला यातलं काही कळत नाही. याच्यात काही खराब आहे का? तुम्ही सांगाल त्यावरच मी जाणार.’

मी बायकोकडे पाहिलं नाही. म्हटलं, ‘हो, मान.’

मग सगळं सांगितलं. हलक्या तारांचंही. मुलाला नवव्या पडद्यावर बोट ठेवायला लावलं, तार किती उंच आहे ते दाखवलं. माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे, तो म्हणतो की बोल्टखाली वॉशर घालून आणखी थोडी जागा काढता येईल, दोन-तीन वर्षं सहज निघतील. नाही जमलं तर नवी मान घालावी लागेल, तिला दोनशेच्या वर खर्च. मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आई आता उठणार. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि मंडईत मेथीची जुडी घ्यावी तशा भावाला बसल्या. चारशे म्हणाल्या. मी साडेपाचशे. त्या म्हणाल्या, कारागिराचा फोन नंबर आणि जाड तारा द्या, चारशे पन्नास. शेवटी चारशे ऐंशीवर तुटलं, त्यात आइस्क्रीमचा डबा, पट्टा आणि उरलेल्या चकल्या.

मुलाने केस बंद करण्याआधी टवक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘हा रंग कोणी लावला?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘जुळलाय.’ खरं तर अजिबात जुळलेला नाही.

ते गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, ‘तीनशे ऐंशी?’ माझ्या लक्षात यायला क्षण लागला. बाईंशी घासाघीस करताना खरेदीची खरी किंमत माझ्या तोंडून निसटली होती.

संध्याकाळी आईला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे, ताईकडे असते. बेस विकल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, ‘आई, पेटीचं पुढे काय झालं गं? ती भजनी मंडळाची माणसं परत आली होती का?’

‘आली की. आठवड्याभराने. तू शाळेत होतास.’

‘मग?’

‘मग काय. तुझे बाबा म्हणाले, सायकलवर हिसके बसले असतील. आणि मिरजेला नेऊन स्वतःच्या खर्चाने सूर बदलून दिला. वीस रुपये गेले.’

म्हणजे कबूल केलं नाहीच.

‘नाही. पण परत न्यायला एसटीने स्वतः गेले,’ आई म्हणाली. ‘रात्री मुक्काम पडला. तिथं म्हणे भजनात दोन तास वाजवली त्यांनी ती.’ थोडा वेळ लाइनवर काहीच ऐकू आलं नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, ‘तुझ्या त्याचे किती आले?’

‘चारशे ऐंशी.’

‘पौंड ना? रुपये नव्हेत?’

‘पौंड, आई.’

‘मग बरे आले. आणि तो मुलगा वाजवतो का नीट, का नुसतं शोभेला नेलंय?’

मी म्हटलं, वाजवतो. घाई करत नाही.