मोरचूद, चुना आणि विळा

मृगाच्या आधीचा आठवडा आमच्या पिढीला निळा आठवतो. निमोणे, गुनाट, चिंचणी, शिंदोडी, अशा घोड नदीच्या अंगाच्या गावांत तेव्हा बाग म्हणजे विहिरीच्या कडेची दहा-वीस लिंबं, चार-दोन डाळिंबं आणि बांधावरची सीताफळं. पाऊस लागला की बुरशी येणार, हे सगळ्यांना माहीत असे. म्हणून पाऊस यायच्या आत बोर्डो मिश्रण करायचं. मोरचूद घोडनदी गावच्या बाजारातून यायचा आणि पंप कोणाच्या तरी घरून मागून आणावा लागायचा.

एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचुदाचे खडे फडक्यात बांधून रात्री निम्म्या पाण्यात टांगून ठेवायचे. भांडं मातीचं किंवा लाकडाचं हवं, कारण लोखंडी पिंप मोरचूद खाऊन टाकतो. सकाळी पुरचुंडी रिकामी झालेली असे आणि पाणी निळंशार. चुना वेगळा विरवायचा. तो फसफसून वाफा सोडायला लागला की पोरांना लांब हाकललं जाई. निवल्यावर तो फडक्यातून गाळायचा आणि उरलेल्या निम्म्या पाण्यात कालवायचा. मग दोघांनी दोन बाजूंनी दोन धारा एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात सोडायच्या आणि तिसऱ्याने काठीने ढवळत राहायचं. धारा मागेपुढे झाल्या की चुलत्यांचा आवाज चढे, "अरे, बरोबरीनं सोडा!"

नंतर विळा. राखेनं घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात बुडवायचं, थोडा वेळ थांबायचं आणि बाहेर काढून उन्हाकडे धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडला आणि मोकळं राहिलेलं तांबं कोवळी पानं जाळणार. मग आणखी चुन्याची निवळी, पुन्हा ढवळणं, पुन्हा विळा. पातं बुडवलं तसंच निघालं की चुलते म्हणत, "झालं, भरा पंप." त्या एका पात्यावर घरातली सगळी डोकी वाकलेली असत.

आता त्याच रानात भगवा डाळिंबाच्या सरळ ओळी आहेत. विळ्याची जागा लिटमस कागदानं घेतली, आणि बोर्डो करणाराच विरळा. कृषी सेवा केंद्रातून कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा मॅन्कोझेबची पुडी येते, प्रमाण लेबलावर छापलेलं असतं आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर सकाळच्या सकाळी बाग उरकतो. पानावर ठिपका दिसला की त्याचा फोटो गटावर जातो आणि दुपारच्या आत उत्तर येतं. सोलापूरला 2005 मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं. आम्हाला जे 'काहीतरी लागलंय' एवढंच कळायचं, त्यातलं बुरशीचं काय आणि जिवाणूंचं काय, हे आता बागेतला पोरगा सांगतो. तेल्या जिवाणूंचा आणि मर बुरशीची, हा फरक कळला नाही तर औषधाचा पैसा वाया जातो.

जुनं चांगलं होतं असं आम्हाला म्हणवत नाही. मिश्रण उघड्या हातांनी कालवलं जायचं आणि त्याच हातांनी तंबाखू मळली जायची. नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकायचे. पायपंपावर शाळेतली पोरं उभी असत. आणि ज्या पाटाच्या पाण्याचं आम्ही इतकं कौतुक करतो, ते एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात, या बुंध्याला धुऊन त्या बुंध्याला जायचं. लिंबाचा डिंक्या त्या पाण्याबरोबरच फिरे. त्याची बुरशी ओल्या मातीतली आणि पाण्यातून पोहत जाणारी. आम्ही फवारणी जिवापाड करत होतो आणि रोग पाटानं स्वतःच पोहोचवत होतो. झाड वाळलं की 'वय झालं' म्हणून सरपणाला जाई.

ठिबकनं हे पुष्कळ थांबवलं. खोडाला पाणी लागू न देणारं दुहेरी आळं आम्ही सांगूनही करत नव्हतो, ते काम आता नळी करते. पण झाडं दाटली, वाण एकच झाला आणि मर एका झाडावरून शेजारच्या झाडांवर सरकू लागली. आधी एकच फांदी पिवळी पडते. झाड उपटून खोड उभं चिरलं की आत करड्या-तपकिरी रेघा दिसतात. छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना जंतुनाशकात बुडवायला हवी, हे आमच्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग हळहळ कसली? बोर्डो आपल्याकडे आला फ्रान्सातून. तिथल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी तोडू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचं प्राध्यापक मिलार्दे यांना 1882 मध्ये दिसलं आणि 1885 मध्ये त्यांनी ते औषध जगापुढे मांडलं. वेलीजवळ थांबून बघितल्यामुळे ते सापडलं. आम्हालाही थांबावंच लागे. हातपंपानं फवारणारा माणूस प्रत्येक झाडाला पूर्ण वळसा घालायचा, फांदी उचलून पानाची खालची बाजू ओली करायचा. कुठल्या झाडाला डिंक सुटलाय, कुठल्याला बांडगूळ धरलंय, हे त्याला न विचारता कळे. ब्लोअरवर बसलेल्याला ओळ दिसते. झाड बघायला त्याला मुद्दाम खाली उतरावं लागतं, आणि पुढची बाग वाट बघत असते.

एक काम मात्र अजून यंत्राच्या हाती गेलेलं नाही. डिंक्याची साल आजही चाकूनेच खरवडावी लागते, आतली जिवंत साल दिसेपर्यंत. जखम पोटॅशियम परमँगनेटनं, म्हणजे आमच्या वेळी विहिरीत टाकायच्या त्या जांभळ्या औषधानं, धुवायची. मग बोर्डोची पेस्ट. तिला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि पाणी फक्त दहा लिटर. पावसाआधी चांगल्या खोडांनाही जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ती कुंचल्यानं लावायची. बहुतेक ठिकाणी हे काम मजुरांना झाडामागे ठरवून देतात. घरच्या पोरांनी निदान पहिली ओळ तरी स्वतः लावावी असं आम्ही म्हणतो, तर ती म्हणतात, "आण्णा, हातमोजे घालून येतो." घालावेतच. आम्ही तोवर चुना विरवायला घेतो.