मिठाची गोणी

आपल्या घरांत कोण येतें आणि कोण जातें हें आपणांस ठाऊक आहे, अशी प्रत्येक गृहस्थाची समजूत असते. आमचीहि होती. परवां कन्येचा वर्ग चालू असतां पडद्यावरील गुरुजी तोंड उघडें ठेवूनच थिजले, म्हणून आम्हीं राउटरची यादी उघडली; तों आमच्या पांच उपकरणांच्या पंक्तीला चार अनोळखी पाहुणे बसलेले!

प्रथम रागापेक्षां गंमतच वाटली. आमचें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें नहरींचें शहर. सतराव्या शतकांत मलिक अंबरानें दूरचें पाणी मातीच्या नळांनीं गांवांतील हौदांत आणलें. अशा गांवांत शेजाऱ्यानें वायफायचा घोटभर वांटा घेतला, तर काय बिघडलें?

बिघडतें तें असें: पाणी पिणाराचें पाप पाजणाराच्या नांवावर चढत नाहीं, वायफायचें चढतें. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वीं कांहीं मिनिटें धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईंतील एका परदेशी गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून. पोलीस आले ते त्या गृहस्थाच्याच दारीं.

मग आम्हीं आपला तट तपासला. येथून सुमारें १५ किलोमीटरांवर दौलताबाद आहे: खंदक, तासलेला कडा, वाट चुकविणारी अंधारी. तरी १२९६ सालीं देवगिरी नमली. वेढ्यांत धान्याच्या म्हणून आणलेल्या गोण्यांत मीठ निघालें, असें सांगतात. आमच्याहि गोणींत मीठच होतें. पासवर्ड म्हणजे घराचें नांव आणि क्रमांक, दोन्ही फाटकावर रंगविलेलीं. आणि राउटरची मुख्य किल्ली कारखान्यांतून आली तशीच, 'ॲडमिन'!

ती किल्ली त्याच रात्रीं बदलली. एकमेकांशीं संबंध नसलेल्या पांच शब्दांचा नवा पासवर्ड केला, बटण दाबून जोडून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद केली आणि डब्ल्यूपीए-३ चें कुलूप घातलें. वेप हें जुनें कुलूप तर २००१ सालींच फुटलें होतें.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या खोलींतील विद्यार्थी जिन्यांत थबकला. "काका, तुमचं वायफाय बिघडलं का हो?" प्रश्न तोंडांतून सुटतांच तो ओशाळला, पण त्याहून आम्ही ओशाळलों. दोन वर्षांत आम्हीं त्याचें नांवहि विचारलें नव्हतें.

घरच्या उपकरणांपासून अलग असें पाहुण्यांचें निराळें जाळें राउटरवर काढतां येतें. तें काढलें आणि त्याचा पासवर्ड चहाच्या पेल्याबरोबर त्याच्या हातीं दिला. भलतेंसलतें झालें तर नांव आमचेंच जाईल, हेंहि सांगितलें. धोका अगदींच टळला असें नाहीं; पण आतां पंक्तीला कोण बसलें आहे, हें तरी आम्हांस ठाऊक आहे.