वलगणीचे मासे

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे नाव तुम्ही ऐकले असेल. ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म गागोद्यात झाला. पुढे अरबी शिकून त्यांनी कुरआनचा अभ्यास केला. माझ्या मामूंचे भातशेत याच गावाजवळ आहे.

जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला, की ओढ्यातील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ पाण्यात, शेतात चढतात. यालाच आपल्याकडे वलगण म्हणतात. मी सातवीत असताना एका रात्री मामूंबरोबर कंदील घेऊन गेलो. बांधाच्या तोंडाशी जाळे लावले. थोड्याच वेळात बादली भरली. त्यात बोटाएवढे, अंगावर काळी रेघ असलेले दांडवण मासे पुष्कळ होते.

घरी नानी मासे साफ करू लागली. पाहावे त्या माशाच्या पोटात अंडी! ती हळूच म्हणाली, "बेटा, हे तर पुढच्या वर्षीचे मासे होते." त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

सकाळी मी पुन्हा ओढ्यावर गेलो. उरलेल्या माशांचा एक थवा पाण्यात स्थिर उभा होता. मी हात घातला. थवा फुटला आणि क्षणात पुन्हा एक झाला. त्यांचा कोणी पुढारी नसतो. प्रत्येक मासा डोळ्यांनी शेजाऱ्याला पाहतो आणि अंगावरच्या संवेदनरेषेने पाण्याची हालचाल ओळखतो. थव्यात शत्रू लवकर दिसतो आणि एकाच माशावर झडप घालणे त्याला कठीण जाते. दूर आफ्रिकेतील काँगो नदीत राहणारे छोटे टेट्रा मासेही असेच थव्याने फिरतात.

पण मित्रांनो, थवा मोठ्या माशापासून वाचवतो, जाळ्यापासून नाही. उलट, एकत्र असल्यामुळेच ते एकदम सापडतात.

आता वलगणीच्या दिवसांत मामू जाळे लावत नाहीत. शेजारी हसतात आणि म्हणतात, "तुम्ही नाही पकडले, तर दुसरा पकडेल." मामू म्हणतात, "पकडू दे. माझ्या बांधावरून तरी ते सुखरूप जातील."

एका बांधाने ओढा भरेल का? या पावसाळ्यात तुमच्या गावच्या ओढ्यावर जा, थवा पाहा आणि मग मला उत्तर द्या.