घरांत घडणारें विमान

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, विनेबागो सरोवराच्या पश्चिम तीरावर ऑशकॉश नांवाचें शहर आहे. स्वतःच्या हातांनीं विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींचें तें पंढरपूर होय. पॉल पोबेरेझ्नी यांनीं १९५३ सालीं मिलवॉकीस या मंडळींची संस्था काढिली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉशला भरूं लागला. २०२० सालचा खंड सोडल्यास ही वारी चुकलेली नाहीं. जुलैअखेरच्या त्या आठवड्यांत तेथें व आसपासच्या विमानतळांवर मिळून १०,००० च्या वर विमानें उतरतात.

तथापि या छंदाचें मर्म पाहावयाचें, तर एखाद्या घरांत शिरावें. आम्ही गेलों तेव्हां हिंवाळा होता. ज्या दांपत्याकडे आमचा मुक्काम होता, त्यांची मोटार अंगणांत बर्फाखालीं उभी, आणि मोटारखान्यांत विमानाचें धड! त्यास अद्यापि पंख नव्हते, चाकें नव्हतीं. इंजिन जेथें यावयाचें त्या तोंडास एक लोखंडी चौकट आणि शेपटीकडे दुसरी, अशा घट्ट आंवळल्या होत्या. प्रत्येकीस एकेक आंस बसवून ते दोन भक्कम घोड्यांवर टेकविले होते. गृहिणीनें एका हातानें ढकलतांच तें सबंध धड पाळण्यासारखें हलकेंच फिरलें आणि पोट वर करून राहिलें.

पाहण्यास हें सोपें. परंतु त्यांत दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. दोन्ही आंसांची रेषा धडाच्या गुरुत्वमध्यांतून जावी लागते, नाहीं तर जड बाजू एकाएकीं खालीं झेपावते. शिवाय, फिरवून झाल्यावर अडसर दोन्ही टोकांस घालावा लागतो. पत्रे पुरते जडेपर्यंत धड लवचीक असतें. एकाच टोकास अडसर घातल्यानें त्यास पीळ पडला, आणि तशांतच रिव्हेट ठोकले गेले, तर तो पीळ जन्माचा राहतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. रिव्हेट हजारोंनीं ठोकावयाचे असतात. एकानें बाहेरून हवेच्या दाबाचा हातोडा धरावयाचा, दुसऱ्यानें आंतून पोलादी ठोकळा टेकावयाचा. जमिनीवर उताणें पडून, डोळ्यांत पत्र्याचा कीस झेलीत, अवघडल्या हातानें ठोकलेला रिव्हेट वांकडाच बसावयाचा. धड फिरविलें कीं पोटाकडील काम छातीसमोर येतें.

तेथील कायद्याप्रमाणें अशा विमानाचें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनींच केलेलें असावें लागतें; उड्डाणापूर्वीं तपासणीही होते. पण पत्र्याआड झांकला गेलेला प्रत्येक रिव्हेट कोणता तपासनीस पाहणार? आमच्यादेखत गृहिणीनें आंतून सांगितलें, "हा नीट बसला नाहीं." बाहेरून तो निर्दोष दिसत होता. यजमानांनीं अक्षरही न बोलतां तो छेदून काढला व नवा बसविला. त्या विमानांत आसनें दोनच व्हावयाचीं होतीं. तीं कोणासाठीं, हें सांगावयास नको.

हात जेथें पोंचत नाहीं तेथें काम बिघडतें, हा संसारांतलाही अनुभव आहे. त्या जोडप्यानें विमानास हात घालण्यापूर्वीं कित्येक दिवस खर्चून या घोड्या केल्या होत्या. ते दिवस सत्कारणीं लागले असेंच आम्हांस वाटलें.