दोनास पाच

गुणोत्तर-प्रमाण शिकवायला मी वर्गात उभा राहतो तेव्हा शिकवण माझ्या शाळेतल्या बाईंची असते, पगार मात्र मला मिळतो. हे देणं कधी फिटायचं नाही. निदान लिहून तरी ठेवतो.

रत्नागिरीत गणिताचा धाक वंशपरंपरागत. टिळक 1856 साली इथे जन्मले नि पुढे पुण्यात गणित शिकवू लागले. दापोलीकडच्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. कच्च्या पोराला ही दोन नावं ऐकवली की तो पक्का होतो, अशी मोठ्यांची समजूत! बाईंनी ती कधी ऐकवली नाहीत. त्या वर्गात अमृत कोकमाची बाटली, पाण्याची कळशी नि वाट्या घेऊन आल्या.

दोन वाट्या कोकम, पाच वाट्या पाणी. सरबत सगळ्यांना पसंत पडलं. "आता कोकम चार वाट्या घेतलं, तर पाणी किती?" निम्मा वर्ग ओरडला, सात! इकडे दोन वाढले, तिकडेही दोन वाढवायचे. बाई चूक म्हणाल्या नाहीत. "प्या नि मग सांगा," म्हणून त्यांनी चारास सातचं सरबत हातात दिलं. घोटभरातच तोंडं वाकडी झाली. मग आणखी तीन वाट्या पाणी ओतलं, एकूण दहा झालं, आणि पहिली चव परत आली. सारखं मिळवून प्रमाण राहत नाही, सारखं गुणून राहतं, हे आम्हाला फळ्याआधी जिभेने सांगितलं.

खरी मजा पुढे होती. दोनास पाच आणि तीनास सात, यांत दाट कुठलं? वर्गात दोन तट पडले, पुन्हापुन्हा पिऊनही भांडण मिटेना. तेव्हा कुठे बाईंनी खडू उचलला. पाणी दोन्हीकडे 35 वाट्या करा. पहिल्यात कोकम 14 वाट्या, दुसऱ्यात 15. दुसरं दाट. पस्तीस वाट्या पाण्यात एका वाटीचा फरक, तो जिभेला काय कळणार!

त्रैराशिक त्यांनी त्यानंतर काढलं. भास्कराचार्यांनी 1150 सालच्या 'लीलावती'त जवळजवळ सगळं अंकगणित त्रैराशिकाने व्यापलंय असं म्हटलंय, तरी बाईंना घाई नव्हती. त्यांचं बरोबर होतं. आधीच तिरका गुणाकार हाती दिला की मुलं तो कुठेही चालवतात, हापूसच्या पेटीलासुद्धा. फळ मोठं तर पेटीत चार डझन, बारकं तर सहा-सात. इथे एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं, म्हणजे व्यस्त प्रमाण. बागायतदाराच्या पोराला हे पेटी भरताना ठाऊक असतं आणि पुस्तक उघडलं की तो विसरतो. दोष पोराचा नाही, सूत्र पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिणाऱ्या आम्हा मास्तरांचा आहे.

घरात सहावी-सातवीतलं मूल असेल तर अमृत कोकमाची बाटली काढा. दोनास पाचपासून सुरू करा. तीनास सातचं उत्तर मात्र लगेच सांगू नका. भांडू दे थोडं.