लालबागेतला खडक

‘आपण बंगळूरचे जुने’ हे वाक्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने उच्चारले गेले. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या सुमारास पूर्वज इकडे आले, असे वडीलधारी सांगत. त्यांच्यासोबत आलेले म्हणून एक काळ्या पाषाणाचे जाते आम्ही जपले. आजी त्याला ‘देशावरचा धोंडा’ म्हणे.

दोन वर्षांपूर्वी राहते घर पाडण्याचे ठरले, तेव्हा जाते कोणी न्यायचे यावरून आम्हा भावंडांत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली. अंगणातल्या फरशा मात्र कोणीच मागितल्या नाहीत. करड्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो इकडचाच दगड. त्याचे कसले अप्रूप?

त्याच दिवसांत आम्ही लालबागेतल्या खडकावर गेलो. केंपेगौडांच्या बुरुजाखालचा हा कातळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. जात भूवैज्ञानिकांच्या भाषेत पट्टिताश्म. वय सुमारे ३०० कोटी वर्षे. १९१६ साली म्हैसूर संस्थानच्या भूविज्ञान खात्यातील स्मीथ यांनी या खडकांना ‘द्वीपकल्पीय पट्टिताश्म’ असे नाव दिले. ज्याच्या प्राचीनतेचा आम्हाला गर्व, तो सह्याद्रीचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा!

मूळचा हा खडक ग्रॅनाइटसारखा. भूगर्भात खोल गेल्यावर उष्णता आणि दाब यांनी त्यातील खनिजे पुन्हा स्फटिकरूप झाली. क्वॉर्ट्झ आणि फेल्स्पार यांचे फिके पट्टे, कृष्णाभ्रकाचे गडद पट्टे वेगळे झाले. द्रव्य बहुतांशी तेच, मांडणी नवी. येथले पाथरवट पूर्वी खडकावर लाकडे पेटवून तो विस्तव हळूहळू पुढे सरकवीत. तापलेला थर खालच्या कातळापासून सुटे आणि त्याच्या फरशा निघत. आमच्या अंगणातल्या फरशाही अशाच निघाल्या असाव्यात.

पट्ट्यांवरून हात फिरवताना आजीची बोली आठवली. क्रियापदे मराठी, वळण कानडी. पुण्याकडचे पाहुणे हसत आणि आम्ही शाळकरी मुले शरमेने मान खाली घालत असू. तिची मराठी बिघडली, असे आम्हीही मानले. ती येथल्या मातीत तीनशे वर्षे राहून रूपांतरित झाली होती, हे तिला सांगायचे राहून गेले.

जाते अखेर धाकट्या बहिणीकडे गेले. प्रत्येकाने एकेक फरशी मात्र आपापल्या उंबऱ्याशी बसवून घेतली आहे.