आमची मोटार आणि रात्रीचे पाहुणे

मराठी भाषेत चोरीला शब्दांची वानवा नाही. घरफोडी आहे, दरोडा आहे, वाटमारी आहे, खिसेकापू आहे आणि हाताला लागेल ते उचलणारा भुरटा चोरही आहे. परंतु उभ्या मोटारीत रात्री शिरून आतले सामान लांबवणे, या उद्योगाला साजेसा एक नेटका शब्द आम्हांस अद्याप सापडलेला नाही. कोंकणी ही आमची घरची बोली; तिच्यातही शोधून पाहिले. पूर्वजांच्या दारी मोटारच नव्हती, तेव्हा त्यांनी या कृत्याचे बारसे कशाला करावे? आमच्या दारी मात्र मे 2024 ते जानेवारी 2025 या नऊ महिन्यांत ते निनावी कृत्य तीन वेळा घडले.

'दारी' म्हटले खरे, पण ते तितकेसे बरोबर नाही. आमचे घर फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर, कुळागराच्या कडेला आहे. आजोबांनी ते बांधले तेव्हा तुळस, माणसे आणि एक गाय यांच्यापुरतीच वाट ठेवली. त्यामुळे वडिलांनी घेतलेली जुनी मारुती घरापासून साठएक पावलांवर, रस्त्यालगतच्या फणसाखाली उभी असते. रात्री खिडकीतून पाहिले तर फणस दिसतो, मोटार दिसत नाही.

पहिली खेप मे महिन्यातली. दार कसे उघडले ते कळले नाही. कोठे ओरखडाही नव्हता. हातबत्ती, छत्री आणि सुटी नाणी गेली. आई हसून म्हणाली, "सत्री व्हेली न्ही? म्हणजे पावस येवपाचो आसा हें ताका खबर आसा!" आम्हीही हसलो. तीन-साडेतीनशे रुपयांच्या ऐवजासाठी कोण रडत बसणार?

दुसऱ्या खेपेला हसणे शक्य नव्हते. ऑगस्टमधली धो धो पावसाची रात्र होती. कौलांवरच्या आवाजात काच फुटल्याचे कोणाच्याही कानी आले नाही. सकाळी पाहतो तो मागच्या आसनावर काचेच्या कणांचा सडा आणि त्यावर पाणी. मोटारीच्या बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात. तापवलेली काच झटकन थंड केली की तिचा पृष्ठभाग आवळला जातो आणि आतला भाग ताणलेला राहतो. म्हणून ती फुटते तेव्हा तिचे सुरे होत नाहीत, बोथट खडे होतात. समोरच्या काचेची गोष्ट निराळी. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असल्यामुळे ती तडकते, पण जागच्या जागी राहते. हे पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि भिजलेल्या आसनातून ते खडे वेचणे वेगळे. पुढे कित्येक दिवस ते सापडत होते.

त्या रात्री गाडीची कागदपत्रे गेली आणि वडिलांचे टाळ गेले. वडील भजनी होते. दर गुरुवारी ते टाळ घेऊन जात आणि परतल्यावर मोटारीतच, पुढच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून ठेवीत. ते गेल्यानंतरही आईने टाळांची जागा बदलू दिली नव्हती. पितळ ते किती! मोडीच्या भावाने विकले तर एका जेवणाचे पैसे सुटतील न सुटतील. आईने त्या दिवशी विनोद केला नाही. काच बसवून झाली का, एवढेच तिने विचारले.

पोलीस चौकीत आमची तक्रार नोंदवून घेतली. योगायोग असा की, 1860 सालची भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. म्हणजे आमची पहिली चोरी जुन्या कायद्याच्या काळातली आणि दुसरी नव्या! नव्या संहितेत एक तरतूद आहे, ती आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटली. चोरीचा ऐवज पाच हजार रुपयांहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. शेजारच्या मामांना हे मुळीच रुचले नाही. "म्हणजे झाडू मारायचा आणि घरी जायचे!" ते म्हणाले. आम्हांस मात्र टाळ परत हवे होते. चोर तुरुंगात किती दिवस बसतो, याच्याशी आम्हांस फारसे कर्तव्य नव्हते.

विम्याचा हिशेब तर आणखी मौजेचा. काचेची भरपाई मिळू शकत होती. परंतु ती मागितली की, दावा न करणाऱ्यास पुढच्या वर्षी हप्त्यात मिळणारी सूट बुडते. ही सूट एका वर्षानंतर 20 टक्के असते आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. आम्ही गणित मांडले आणि काचेचे पैसे मुकाट्याने खिशातून दिले. आतल्या चीजवस्तू तर मोटारीच्या साध्या विम्यात धरलेल्याच नसतात.

आता जे सांगायचे आहे, ते याहून कठीण आहे. वाड्यावर कुजबुज सुरू झाली. सोलापूरकडून आलेले एक कुटुंब पलीकडच्या चाळीत राहते. बाप हातगाडीवर भंगार गोळा करतो आणि मुलगा आमच्याच शाळेत आठवीत आहे. पहाटे त्या फणसाखालून हातगाडी जाताना कोणी तरी पाहिली होती. पितळ गेले आणि तो भंगारवाला, एवढ्यावर निकाल लागला. पुराव्याच्या जागी 'घाटी' हा एक शब्द पुरेसा झाला. मामींनी त्याला जुनी वर्तमानपत्रे देणे बंद केले. वर्गात तो मुलगा तिसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेला. कोणी त्यास उठवले की तो आपण होऊन गेला, हे विचारूनही कोणी सांगितले नाही.

"तुमच्याच वर्गात आहे, त्याला एकदा विचारा तरी," असा आग्रह आम्हांस अनेकांनी केला. आम्ही विचारले नाही. शिक्षकाने असा प्रश्न विचारला की उत्तर काहीही येवो, वर्गाच्या दृष्टीने निकाल लागलेला असतो. त्या मुलास पुन्हा तिसऱ्या बाकावर बसवणे मात्र आमच्या हातचे होते, आणि ते आम्ही केले.

तिसरी खेप 15 जानेवारीच्या रात्रीची. एव्हाना आम्ही सावध झालो होतो. पुढचा कप्पा रिकामा करून त्याचे झाकण उघडेच ठेवीत होतो, म्हणजे बाहेरूनच कळावे की येथे काही नाही. नव्याने काढलेली कागदपत्रे घरच्या कपाटात होती. डिजिलॉकरमधील प्रती दाखवल्या तरी चालतात, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने 2018 सालीच कळवले आहे. फणसाजवळ माणसाची चाहूल लागताच पेटणारा दिवा बसवला होता. पण त्या रात्री नेमकी वीज नव्हती. चोराला काहीच मिळाले नाही, तेव्हा त्याने मागचा जॅक आणि पान्हे नेले.

त्या दिवशी भंगारवाल्याच्या खोलीला कुलूप होते. सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीच्या दिवसांत भरते आणि ते सारे कुटुंब 12 तारखेलाच गावी गेले होते. मुलाच्या रजेचा अर्ज आमच्याच मेजावर पडलेला होता. वाड्यावर ही गोष्ट सर्वांना कळली. कुजबुज थांबली, पण ज्यांनी ती केली होती, त्यांतला एकही त्या चाळीकडे फिरकला नाही. मामींनी रद्दी पुन्हा देण्यास आरंभ केला, एवढीच काय ती भरपाई.

ते परतल्यावर आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. बापाला सारे ठाऊक होते. त्याने यात्रेचा प्रसाद हातावर ठेवला आणि म्हणाला, "सर, पितळ गोदामात येतंय. टाळ आले तर म्या वळखीन की. पर कसे हुते, ते सांगा."

आम्ही आकार सांगू लागलो, तोच मुलगा वही घेऊन आला. त्याने कंपासपेटी उघडली, आम्ही सांगितलेल्या मापाचे वर्तुळ काढले, मधोमध दोरीचे भोक दाखवले आणि विचारले, "सर, काठाला कुठं टवका उडालेला होता का?"

होता. उजव्या टाळाला, लहानसा. आम्ही बोटाने जागा दाखवली आणि त्याने तेथे पेन्सिलीने खूण केली. ते चित्र आता गोदामाच्या वजनकाट्यावर चिकटवलेले आहे.